ट्रक टिकतो तो फिटरच्या हातात

सोयाबीनची सुगी सुरू झाली की चाकूरहून लातूरच्या मार्केट यार्डाकडे कट्टे भरून निघणाऱ्या गाड्यांत टाटाची ४०७ आणि आयशर हटकून दिसतात. टोयोटाची डायना किंवा निस्सानची कॅबस्टार मात्र दिसत नाही. १९८०च्या दशकात हलक्या ट्रकसाठी चार जपानी कंपन्या भारतात आल्या: सूरजपूरला डीसीएम-टोयोटा, पीथमपूरला आयशर-मित्सुबिशी, पंजाबात स्वराज-माझदा आणि बिदरपलीकडे जहीराबादला ऑल्विन-निस्सान. लातूर जिल्ह्याला सर्वांत जवळचा कारखाना निस्सानचा. तरीही तोच ट्रक इथे रुजला नाही. माझ्या मते याचे उत्तर इंजिनात सापडणार नाही. सुटा भाग कुठे बनतो आणि दुरुस्ती कोण करतो, यात ते आहे.

जपानी आखणी उत्तमच होती. इसुझु एल्फ १९५९ची, मित्सुबिशी कँटर १९६३ची. अरुंद रस्त्यांच्या त्या देशाने केबिन थेट इंजिनावर चढवली, त्यामुळे तेवढ्याच लांबीत हौदा मोठा मिळाला. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९८६ साली ४०७ आणली तेव्हा मध्यममार्ग पत्करला: नाकाड थोडे पुढे, इंजिनाचा काही भाग त्याखाली. बॉनेट उघडून फिटरला कामाला लागता येई. पुण्यात टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांनी यंत्रनिर्मिती आणि कामगार प्रशिक्षणाचा पाया आधीच घातलेला होता. त्यामुळे सुटे भाग इथलेच, आणि टेल्कोच्या मोठ्या ट्रकांवर हात बसलेले मिस्त्री गावोगाव तयार. शिवाय जो भार कागदावर लिहिलेला असतो त्याहून जास्त कट्टे आपल्याकडे चढतात. मग पाटे तुटतात, आणि गाडी दोन दिवस उभी राहिली तर हप्ता थकतो. मालकाच्या हिशेबात हीच बाब निर्णायक ठरते.

यावर आक्षेप येईल की जपान्यांना येनने मारले. सप्टेंबर १९८५च्या प्लाझा करारानंतर येन झपाट्याने महागला आणि जपानहून येणाऱ्या सुट्या भागांच्या किमती भडकल्या, हे खरेच आहे. पण येन चौघांनाही सारखाच महागला होता. आयशर आणि स्वराज टिकले. ऑल्विन-निस्सान महिंद्राकडे गेली आणि टोयोटाची भागीदारी पुढे देवूच्या हाती पडली. आयशरने भाग इथे बनवण्यावर जोर दिला, म्हणून मित्सुबिशीशी करार संपल्यावरही गाडी चालूच राहिली. दुसरा आक्षेप स्वदेशीच्या अभिमानाचा. तोही अपुरा आहे, कारण हे चौघे दारात आले नसते तर टेल्कोने हलक्या ट्रकसाठी इतकी घाई केली असती का, याची मला दाट शंका वाटते. त्या स्पर्धेचे श्रेय जपान्यांना द्यायलाच हवे.

हा इतिहास आज पुन्हा उपयोगाचा आहे. एप्रिल २०२०पासून धुराचे बीएस-६ नियम लागू झाले. हवेसाठी ते आवश्यकच होते, पण सेन्सरचा दिवा लागला की तालुक्याच्या गॅरेजात स्कॅनरविना काही चालत नाही. विजेवरचे हलके ट्रक वाढतील तसे हे अवलंबित्व आणखी वाढेल. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहनेही घेतली. मात्र कंपन्यांनी स्वेच्छेने दिलेल्या माहितीवर हा प्रश्न सुटणारा नाही. तपासणीचे सॉफ्टवेअर, भागांची यादी आणि प्रशिक्षण स्वतंत्र फिटरला वाजवी दरात देणे कंपन्यांना कायद्याने बंधनकारक करा, ही मागणी मराठवाड्यातल्या शेतकरी आणि वाहतूकदार संघटनांनी आताच लावून धरली पाहिजे.