सातबारा नसलेली हरकत

सिंधुदुर्गातल्या एका गावाची ही गोष्ट. गावाच्या डोक्यावर जांभ्या कातळाचा मोठा सडा. मे महिन्यात तिथे उभं राहिलात तर पायाला चटके बसतात आणि नजर जाईल तिथवर काळा खडक दिसतो. सातबाऱ्यावर बहुतेक सडा पोटखराब्यात गेलेला. अशाच एका मे महिन्यात प्रादेशिक योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला. नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर होती, ती कोणी वाचली नाही. ग्रामसेवक कामासाठी तालुक्याला गेले, तेव्हा त्यांनी नकाशा पाहिला. अख्खा सडा पिवळा रंगवला होता, म्हणजे निवासी विभाग.

गावात दोन तऱ्हेची बोलणी सुरू झाली. काही जण म्हणाले, आता जमिनीला भाव येणार. बाकीचे म्हणाले, "आमका कोण इचारता? वरच्यांनी ठरवल्यानी." दुसरं बोलणं मला जास्त घातक वाटतं. भाव येईल असं म्हणणारा निदान आपल्या जमिनीचा विचार तरी करत असतो. आपल्याला कोण विचारतं, असं म्हणणारा मात्र सुनावणीच्या आधीच निकाल मान्य करून बसलेला असतो.

मुंबईच्या चाकरमान्यांनी एक छापील पत्र पाठवलं. 'आमचा या आराखड्यास तीव्र विरोध आहे,' एवढाच मजकूर आणि खाली सह्यांसाठी रकाने. शेजारच्या गावाने तेच पत्र सह्या करून लगेच पाठवूनही दिलं. इथे ते निवृत्त गुरुजींच्या हातात आलं. वाचून ते म्हणाले, "सही करायला माझी ना नाही. पण उद्या साहेबांनी विचारलं, कुठल्या गटात, कशासाठी विरोध, तर सांगणार काय?"

सांगू शकेल असं गावात एकच माणूस होतं. दुसऱ्यांची गुरं राखून म्हातारी झालेली एक काकी. गुरुजी तिच्या अंगणात गेले तेव्हा ती म्हणाली, "गुरुजी, माज्या नावार एक गुंठो नाय. मी काय सांगतलंय?"

गुरुजींनी तिला समजावलं ते प्रत्येकाला माहीत असायला हवं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 सालचा आहे. प्रादेशिक योजनेच्या मसुद्यावर कोणीही व्यक्ती हरकत किंवा सूचना नोंदवू शकते, आणि त्यासाठी नोटिशीपासून किमान चार महिन्यांची मुदत द्यावी लागते. हरकत घेणाऱ्याकडे कायदा सातबारा मागत नाही.

त्या चार महिन्यांत पावसाळा होता, हे गावाचं नशीब. पहिल्या सरी पडल्या आणि काकी पुढे, गुरुजी नि बारावीतली एक मुलगी मागे, असे तिघे सड्यावर निघाले. मुलीकडे मोबाइल आणि गटांचा नकाशा. कातळाच्या भेगांतून दीपकाडी वर आली होती. पांढऱ्या फुलांची ही कंदवर्गीय वनस्पती कोकणातल्या अशा सड्यांबाहेर सापडत नाही. मुलगी फोटो घ्यायला वाकली तशी काकीने तिचा दंड धरला, "हंय पाय ठेवू नको." फूटभर अंतरावर टिटवीची चार अंडी होती. घरटं कसलं, चार खडे बाजूला सारून केलेला नुसता खळगा. चारही अंड्यांची टोकं आत वळलेली आणि रंग असा की खड्यांतून निवडता येऊ नयेत. मुलीने गट क्रमांक लिहिला, तारीख लिहिली.

पुढे जुलैत तळी भरली. काकीने पाणी कुठून येतं आणि कुठल्या फटीत शिरतं ते दाखवलं. जांभा सच्छिद्र असतो, सड्यावर पडलेलं पाणी त्यातून मुरत खाली जातं. त्याच उतारावर खालच्या वाडीची बाव, म्हणजे विहीर, आहे. "हंय सिमीट घातलास तर बाव रिकामी," काकी म्हणाली. मग तिने कोल्ह्यांची वाट दाखवली. ऑगस्टमध्ये गेंदांनी आणि सीतेच्या आसवांनी कातळ पांढरा-निळा झाला, तेही मुलीने टिपलं. ग्रामपंचायतीच्या कपाटात लोकजैवविविधता नोंदवही पडून होती. 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली ती करावी लागते म्हणून कोणीतरी केलेली. सड्याबद्दल तिच्यात एक ओळ होती. मुलीने काकीला विचारून विचारून पानं भरली.

खरी कसोटी ग्रामसभेत लागली. सड्यावर रस्त्यालगत ज्याची जमीन होती असा एक शेतकरी उठला आणि म्हणाला, "कोल्ह्यांका घर होया, माज्या झिलांका नको?" सभा गप्प झाली. त्याचे दोन मुलगे मुंबईत भाड्याच्या एका खोलीत राहत होते. त्याचा प्रश्न खरा होता. वन्यजीवांच्या बाजूने बोलणाऱ्या पुष्कळांची गाडी नेमकी इथे अडते, कारण अशा माणसाला ते लोभी ठरवून मोकळे होतात. काकीने तसं केलं नाही. ती म्हणाली, "तुजो तुकडो रस्त्यावर आसा. थंय पाणी थांबणा नाय, पाखरू बसणा नाय. थंय बांध. तळ्याकडे नको."

त्यावर दोन बैठका झाल्या, आवाज चढले, आणि गावाने स्वतःचा नकाशा काढला. रस्त्यालगतची पट्टी पिवळीच राहू द्यावी. तळी, त्यांना पाणी देणारा उतार आणि कोल्ह्यांची वाट ना-विकास विभागात घ्यावी. सोबत गटांची यादी, फोटो, तारखा आणि ग्रामसभेचा ठराव. रस्त्याकडेच्या त्या शेतकऱ्यानेही सही केली. काकीने वेगळी हरकत दिली, स्वतःच्या नावाने, अंगठा उठवून.

ओरोसला सुनावणी झाली. शेजारच्या गावाचा पुकारा झाला तेव्हा अधिकाऱ्यांनी विचारलं, "कोणत्या गटाबद्दल?" उत्तर आलं नाही. शेऱ्यात 'विरोध नोंदवला' एवढंच लिहिलं गेलं. मग या गावाची पाळी आली. फोटो पाहून अधिकारी म्हणाले, "आमच्या पाहणीत तर इथे नुसता कातळ होता." काकी उभी राहिली. "सायेब, तुमी मे म्हयन्यात इलात. आता चला माज्यावांगडा."

आणि ते आले. भर पावसात, छत्री घेऊन, तळ्याच्या काठापर्यंत.

मंजूर योजनेत तळी आणि उतार हिरव्या रंगात, म्हणजे ना-विकास विभागात, आले. कोल्ह्यांच्या वाटेचा अर्धा भाग मात्र पिवळाच राहिला. मागितलं तेवढं सगळं मिळालं नाही. शेजारच्या गावाचा सडा होता तसा पिवळा राहिला. कातळ तोच, फुलं तीच, टिटव्याही त्याच.

तुमच्या गावाची किंवा शहराची योजना कधी ना कधी मसुद्याच्या रूपात टांगली जाणारच आहे. बहुतेक शहरांच्या विकास योजनेवर हरकत घ्यायला तर नोटिशीपासून तीसच दिवस असतात. मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरणविषयक जनसुनावणीचीही किमान तीस दिवस आधी सूचना द्यावी लागते, पण 2006 च्या अधिसूचनेनुसार तिला गणपूर्तीची अट नाही. मांडव रिकामा असला तरी सुनावणी झाली असंच धरलं जातं. तेव्हा नोटीस निघाली की नकाशा पाहायला जा, गट क्रमांक उतरवून घ्या, आणि जाताना तुमच्या गावात गुरं राखणारं जे कोणी असेल त्याला सोबत न्या.