धनेशाचा गृहस्थाश्रम

आपल्या रामनगरच्या रानात माघ-फाल्गुनाच्या सुमारास धनेशाची मादी जुन्या वृक्षाच्या ढोलीत शिरते व विष्ठा-मातीने दार लिंपून केवळ एक फट ठेवते. आत तिची उडण्याची पिसे गळतात. कित्येक आठवडे नर वड-उंबराची फळे आणून तिला व पिलाला त्या फटीतून भरवितो. हा क्रम आम्ही दुरून पाहिला आणि मनात आले, हा नर मारला गेला तर आतील जीवांनी कोणाची वाट पाहावी?

गृहस्थाश्रम म्हणजे हाच विश्वास होय. आपल्यावर विसंबलेल्यास अंतर देणे हे पाप; पोकळ म्हणून जुने झाड तोडणे हे दुसऱ्याचे घर मोडणेच. २०११ साली शासनाने दांडेलीजवळचे काळीकाठचे रान धनेशासाठी राखीव केले. देवराई राखण्याचा धर्म पूर्वजांनी त्याआधीच घालून दिला आहे. तो आपण पाळावा.