धावता तरस

तरस म्हटला की आपल्यापुढे येतो तो उष्ट्यावर जगणारा, मागचं अंग खचलेला, रात्रीचा चोर. एका कुळाची ही ओळख त्यातल्या उरलेल्यांवरून बांधलेली आहे. आज जगात तरसांच्या चारच जाती शिल्लक आहेत, त्यांतली एक तर वाळवी चाटून पोट भरते.

याच कुळातला कॅस्मापोर्थेटीस मात्र पाठलाग करणारा शिकारी होता. लांब सडपातळ पाय, आणि हाडं चुरण्यापेक्षा मांस कापायला अधिक योग्य असे धारदार दात. अ‍ॅरिझोनात सापडलेल्या अवशेषांवरून पुराजीवशास्त्रज्ञ ऑलिव्हर हे यांनी १९२१ साली त्याचं नामकरण केलं. आफ्रिका, युरोप, आशिया असा पसरलेला हा प्राणी अमेरिका गाठणारा एकमेव तरस. पण गाठली कुठून? मंगोलिया आणि अमेरिकेचा दक्षिण भाग यांच्यामधल्या अफाट प्रदेशात त्याची खूणच नव्हती.

ती खूण ओटावाच्या संग्रहालयात पडून होती. कॅनडात, आर्क्टिक वृत्तापलीकडच्या ओल्ड क्रो नदीच्या खोऱ्यातून हिमयुगीन प्राण्यांची ५०,०००हून अधिक हाडं निघाली. त्यांत तरसाचे दात दोनच. १९७०च्या दशकात गोळा केलेले हे दात पुराजीवशास्त्रज्ञ जॅक त्सेंग आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली ओळखले. वय साधारण १४ लाख ते साडेआठ लाख वर्षं.

दक्षिणेत मात्र याहून कितीतरी जुने अवशेष मिळालेले आहेत. म्हणजे हे दात पहिल्या पाहुण्याचे नव्हेत. महिनोन्‌महिने मावळत्या उजेडात, गोठलेल्या गवताळ रानात हे तरस तिथे राहत होते. आशिया आणि अमेरिका जोडणाऱ्या बेरिंगच्या जमिनीला आपण ‘पूल’ म्हणतो, कारण पलीकडे काय झालं ते आपल्याला माहीत असतं. खरं तर एकही तरस अमेरिकेला निघाला नव्हता. प्रत्येक जण समोरच्या कळपामागे धावला, जिथे खायला मिळालं तिथे पिल्लं वाढवली, आणि पिल्लांचं रान थोडं पुढे सरकलं.

पुढे हा तरस संपला. आखूड तोंडाच्या अस्वलांनी त्याचं भक्ष्य हिसकावलं असावं, असा एक तर्क आहे. मला तो अर्धाच पटतो. ती अस्वलं आणि हा तरस त्याआधी लाखो वर्षं एकाच खंडावर नांदले होते.