जेर-जबर कोणी द्यायचे?

उर्दू माध्यमाच्या शाळेत लहान वर्गांना शिकवणाऱ्या प्रत्येकाला एक अनुभव हमखास येतो. मुलाला अक्षरे येतात, जोडणी येते, कायद्यातले धडे ते घडाघडा वाचते. मग आपण त्याच्या हाती मोठ्यांचे वर्तमानपत्र देतो आणि ते पहिल्याच ओळीत अडखळते. कारण साधे आहे. कायद्यात अक्षरांवर जेर, जबर, पेश दिलेले असतात. वर्तमानपत्रात ते नसतात. अलिफपुढे सीन लिहिला की तो शब्द ‘इस’ही असू शकतो आणि ‘उस’ही. अलिफखाली जेर दिला तर ‘हा’, वर पेश दिला तर ‘तो’. खूणच नसेल तर वाचणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचे. जाणता ते सहज ओळखतो. आपण काही ओळखले हेदेखील त्याच्या ध्यानात येत नाही. नवख्याकडे मात्र तो संदर्भच नसतो.

ही गोष्ट आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकवत आलो. ती खऱ्या अर्थाने कळली मात्र संगणकासमोर, आणि तीही एका सहकाऱ्याचे तीन दिवसांचे काम वाया गेल्यावर.

2021 साली आम्ही सहा शिक्षक मिळून पाचवी ते सातवीसाठी उर्दूत प्रश्नसंच तयार करत होतो. प्रत्येकाच्या पेनड्राइव्हवर एकाच प्रश्नसंचाच्या चार-चार प्रती होत्या. एकीचे नाव ‘फायनल’, दुसरीचे ‘फायनल नवी’, तिसरीचे ‘फायनल खरी’. कोणती खरी, हे नाव देणाऱ्यालाही सांगता येत नसे. ईदला भेटायला आलेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने, जो आता संगणकाच्या कामात आहे, हा घोळ पाहिला आणि ‘गिट’ वापरा असे सुचवले. गिट ही कामाच्या आवृत्त्या सांभाळणारी प्रणाली आहे. आपण ‘कमिट’ केले की फायलींची त्या क्षणीची स्थिती तिच्या वहीत नोंदली जाते. कोणी केले, केव्हा केले, का केले हेही सोबत लिहिता येते. उद्या काही बिघडले तर जुन्या नोंदीकडे परत जाता येते. अशी सोय प्रोग्राम लिहिणाऱ्यांकडे फार पूर्वीपासून आहे. 1972 साली बेल लॅबमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी असे एक साधन तयार केले होते. गिट त्या मानाने अलीकडचे. 2005 साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी ते लिनक्सच्या कामासाठी लिहिले.

विद्यार्थ्याने एका संध्याकाळी आम्हाला सगळे समजावले. बाकीच्या पाच जणांसाठी माहितीपत्रक लिहिण्याचे काम आम्ही अंगावर घेतले. वयाने लहान, बी.एड. झालेले, संगणकाला न भिणारे, म्हणून ते आमच्याकडेच येणार होते. एका पानावर बारा ओळी लिहिल्या. तिसरी ओळ होती : ‘आपल्या शाखेवर जाण्यासाठी चेकआउट करा.’ नववी ओळ होती : ‘फाईल बिघडली तर चेकआउट करून पूर्ववत करा.’ दोन्ही ठिकाणी आज्ञा नेमकी कशी टाइप करायची तेही दिले होते. पान सुटसुटीत दिसत होते. आम्हाला त्याचा थोडा अभिमानही वाटला.

आमचे एक ज्येष्ठ सहकारी विज्ञानाचे प्रश्न लिहीत होते. तीन दिवस त्यांनी नेटाने टंकलेखन केले, पण कमिट केले नाही. कमिट किती वेळाने करावे हे आमच्या बारा ओळींत कुठेच नव्हते. चौथ्या दिवशी एका प्रश्नाचे पर्याय चुकून पुसले गेले. त्यांनी आमचे पान काढले, नववी ओळ वाचली आणि सांगितल्याप्रमाणे तंतोतंत केले. फाईल पूर्ववत झाली, म्हणजे शेवटच्या कमिटच्या वेळी जशी होती तशी. यंत्राने ‘नक्की ना?’ असे विचारले नाही. तीन दिवसांचे प्रश्न गेले. जे कमिटच झालेले नाही, ते गिटलाही परत आणता येत नाही.

ते आमच्यावर रागावले असते तर बरे झाले असते. ते एवढेच म्हणाले, “गलती मेरीच होंगी. मैंने बराबर पढ़ा नहीं होंगा. ये कंप्यूटर का काम अपने बस का नहीं.”

आणि त्या दिवशी आम्ही गप्प राहिलो.

आजच्या या लेखाचा विषय तो गप्प राहण्याचा क्षण आहे. आम्ही खोटे काही लिहिले नव्हते. ‘पूर्ववत’ हा शब्द आमच्या दृष्टीने अचूक होता. शेवटच्या कमिटनंतरचे सारे टाकून दिले जाईल, हे आम्हाला माहीत होते. इतके माहीत होते की ते लिहावे असे सुचलेही नाही. मग अपराध कोणाचा? वाचणाऱ्याने पान नीट वाचले होते, सांगितले ते केले होते. तरीही चूक त्याने आपल्या अंगावर घेतली, आणि लिहिणाऱ्याने ती घेऊ दिली.

नवख्याची अडचण अशी आहे की जे त्याला ठाऊक नाही ते तो विचारूही शकत नाही. ‘इस’ वाचणाऱ्या मुलाला त्या जागी ‘उस’ही असू शकते याची कल्पना नसेल, तर ते हात वर करून विचारणार तरी काय? ‘अडले तर विचारा’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण अडण्याआधीच जो घसरतो, त्याने कोणत्या क्षणी विचारायचे होते? दोन अर्थांची वाट जिथे फुटते ती जागा फक्त जाणत्यालाच दिसते. म्हणून तिथे खूण करण्याचे काम त्याचेच आहे. याला मेहरबानी म्हणता येणार नाही. वाचणारा आपले तीन दिवसांचे काम आपल्या एका वाक्याच्या भरवशावर ठेवतो. ती अमानत आहे.

पुढे आम्ही या विषयाचे वाचन केले तेव्हा कळले की ‘चेकआउट’ हा शब्द जगभरच्या नवख्यांना घोटाळ्यात पाडत आला आहे. एका अर्थी तो एका शाखेवरून दुसऱ्या शाखेवर नेतो, आणि तसे करताना तुमचे न नोंदलेले बदल पुसले जाणार असतील तर गिट अडून बसते. दुसऱ्या अर्थी तोच शब्द फाईलमधले न नोंदलेले बदल पुसून टाकतो, आणि तिथे अडत नाही. एकच शब्द, एकात सांभाळणे, दुसऱ्यात फेकणे. आमच्या अलिफ-सीनची गोष्ट याहून वेगळी नाही. ऑगस्ट 2019 मध्ये गिटची 2.23 ही आवृत्ती आली, तेव्हा या दोन कामांना दोन वेगळ्या आज्ञा मिळाल्या : शाखा बदलायला ‘स्विच’ आणि फाईल पूर्वीसारखी करायला ‘रिस्टोर’. म्हणजे चौदा वर्षांनी त्या शब्दाला जेर आणि पेश मिळाले. आमच्या माहितीपत्रकाच्या आधीच हे झाले होते. आम्ही मात्र जे ऐकले होते तेच उतरवले.

दुसरे उदाहरण नावांचे. कमिट करण्याआधी बदल जिथे मांडून ठेवायचे, त्या जागेला गिटमध्ये कुठे ‘इंडेक्स’ म्हणतात, कुठे ‘स्टेजिंग एरिया’, आणि काही आज्ञांत अजून ‘कॅश्ड’ हा जुना शब्द टिकून आहे. जाणत्याला ही एकाच गोष्टीची तीन नावे आहेत हे कळते. नवखा मात्र तीन गोष्टी शोधत बसतो, आणि सापडत नाहीत म्हणून स्वतःलाच मंद समजतो. यात कोणाचा दुष्टपणा नाही. जाणत्यांनी जाणत्यांसाठी लिहिले, मग नवखे येत गेले आणि जुनी नावे तशीच राहिली.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. पहिला असा : सगळे तयार घास भरवले तर शिकणारा शिकेल कसा? धडपडण्यातूनच ज्ञान पक्के होते. हे आम्हाला मान्य आहे. वर्गात आम्हीही मुलाला लगेच उत्तर सांगत नाही. पण विषय कठीण असल्यामुळे होणारी धडपड वेगळी आणि लिहिणाऱ्याच्या बेफिकिरीमुळे होणारी धडपड वेगळी. दोन शाखांतले बदल एकमेकांशी जुळत नसतील तर काय ठेवावे, काय सोडावे, हा खरा प्रश्न आहे. त्यावर नवख्याने डोके चालवावे. ‘पूर्ववत’ म्हणजे कोणत्या वेळेसारखे, हे कोडे त्याने का सोडवावे?

दुसरा आक्षेप असा : सगळ्याच अक्षरांवर जेर-जबर दिले तर पान गजबजते आणि जाणत्याला कंटाळा येतो. हेही खरे. पण उर्दूत यावर जुनाच तोडगा आहे. पान बिनखुणांचेच राहते, आणि जिथे ‘इस’ला ‘उस’ वाचले जाण्याचा धोका असतो तेवढ्या जागी पेश दिला जातो. स्पष्ट लिहिणे म्हणजे सारे काही लिहिणे नव्हे. कुठे पाय घसरेल ते ओळखून तिथे खूण करणे पुरते. याची चांगली उदाहरणे गिटमध्येही आहेत. कोणत्याही शाखेवर नसलेल्या जुन्या नोंदीवर आपण जाऊन उभे राहिलो की ‘डिटॅच्ड हेड’ असा संदेश येतो. नाव ऐकून माणूस घाबरावा असेच आहे. पण त्याच्या खालचा मजकूर नीट सांगतो की तुम्ही कुठे आहात, इथे काय करता येईल आणि परत कसे जायचे. ज्याला हा सल्ला नको असेल त्याला तो बंद करून ठेवता येतो. नवख्याची सोय झाली आणि जाणत्याला त्रास झाला नाही.

स्कॉट चेकन यांचे ‘प्रो गिट’ हे पुस्तक 2009 साली निघाले. बेन स्ट्रॉब यांच्यासह त्याची दुसरी आवृत्ती 2014 साली आली. ते इंटरनेटवर विनामूल्य वाचता येते. त्याची सुरुवात पाहून आम्हाला आमचे बी.एड.चे वर्ग आठवले. लोक फायलींच्या प्रती काढून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतात, या सवयीपासून ते सुरुवात करते. म्हणजे आमच्या ‘फायनल खरी’पासूनच! ज्ञाताकडून अज्ञाताकडे हे सूत्र आम्ही पाठटाचणाच्या वहीत कितीदा लिहिले असेल. माहितीपत्रक लिहिताना मात्र आम्ही आमच्या ज्ञातापासून निघालो. वाचणाऱ्याचे ज्ञात काय, हे विचारलेच नाही.

आठवडाभराने आम्ही त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या घरी गेलो आणि सांगितले की चूक त्यांची नव्हती, नववी ओळ चुकीची होती. ते हसले, “जाने दो” म्हणाले. आम्ही त्यांना विनंती केली की नवे पान पहिल्यांदा त्यांनीच वाचावे, मोठ्याने, आणि आम्ही मध्ये काही बोलणार नाही. हे गप्प बसणे मात्र फार कठीण गेले. जिथे ते थांबत तिथे ओठांवर खुलासा येई. पण पान लोकांच्या घरी जाते तेव्हा आपण सोबत जात नाही. जिथे ते थांबले तिथे आम्ही पेन्सिलीने खूण करत गेलो. सात ठिकाणी ते थांबले.

आता त्या पानावर बाराऐवजी एकोणीस ओळी आहेत. पहिलीच ओळ आहे : ‘काम थांबवून उठण्यापूर्वी कमिट करा; कमिट न केलेले काम परत मिळत नाही.’ नववी ओळ अशी : ‘या आज्ञेने फाईलमधले, कमिट न केलेले तुमचे सर्व बदल कायमचे जातात. ते नकोच असतील तरच ही आज्ञा द्या.’ तिच्या खाली आता ‘रिस्टोर’ आहे. ‘चेकआउट’ हा शब्द पानावर नाही.

विज्ञानाचे प्रश्न त्यांनी पुन्हा लिहिले. पहिले जास्त चांगले होते, असे ते अजून म्हणतात. आम्ही ते वाचलेले नाहीत. ते आता कोणालाच वाचता येणार नाहीत.