आईचं घर कुणाच्या जिवावर?

ट्रॉम्बे कोळीवाड्यात एकट्या राहणाऱ्या पंचाहत्तरीच्या आईवरून भाऊ-बहिणीचं चाललेलं बोलणं. पोटमाळ्याच्या लोखंडी शिडीवरून उतरताना परवा रात्री आईचा पाय घसरला. हाड वाचलं.

भाऊ : ताई, आता पुरे. तिला वाशीला नेतो. खाडीपलीकडे तर जायचंय. लिफ्ट आहे, संडास घरात आहे.

ताई : तुम्ही दोघं कामाला गेलात की दिवसभर ती बोलणार कुणाशी? इथे उंबऱ्यावर बसली तरी जेट्टीवरून येणारी प्रत्येक बाई भाव सांगून जाते.

भाऊ : भाव ऐकून पडलेलं माणूस उठत नाही.

ताई : पडायचा धोका पत्करायचा की नाही, हे तिनं ठरवायचं. डोकं शाबूत आहे तिचं. १९७६ साली, आणीबाणीत, जनता कॉलनीतली माणसं मनाविरुद्ध उठवून इथे चीता कॅम्पला आणली. दुसरी जागा दिली म्हणून जबरदस्ती संपली का? २००७चा ज्येष्ठांचा कायदासुद्धा मुलांवर जबाबदारी टाकतो ती आईबापांना नेहमीसारखं जगता यावं म्हणून. मुलांना निर्धास्त झोप लागावी म्हणून नव्हे.

भाऊ : कायदा रात्री दोनला धावून येतो? नियमांत आहे की पोलीस ठाण्यानं एकट्या ज्येष्ठांची यादी ठेवावी, महिन्यातून एकदा तरी भेटावं. महिन्यातून एकदा!

ताई : मग घर बदल. बिछाना खाली आण, न्हाणीत धरायला दांडा लाव, रात्रीसाठी कमोडची खुर्ची घे. सार्वजनिक संडासापर्यंतची पायपीट वाचेल.

भाऊ : ती खुर्ची सकाळी धुणार कोण? परवा तिला उचललं कुणी? शेजारच्या काकीनं. तिचीही साठी उलटलीय. आई स्वतःच्या घरात राहते असं आपण म्हणतो, पण ती राहते काकीच्या कमरेच्या जोरावर.

या सगळ्या वादात मला हेच सर्वांत खरं वाटतं. म्हाताऱ्यांना घरीच राहू द्या, असं म्हणणाऱ्यांच्या हिशेबात ही काकी कुठेच नसते.

ताई : खरंय. तर त्या कामाचे तिला पैसे देऊ.

भाऊ : रागावेल ती. शेजारधर्माचे पैसे घेणार नाही.

ताई : रागावू दे. रात्रीचं ती बघते, तर सकाळसाठी पगारी बाई ठेवू. रविवारी तू, बुधवारी मी. आईला काय हवं ते आपल्याला ठाऊक आहे. काकीला काय झेपेल, हे मात्र तिला आजवर कुणी विचारलेलं नाही. चल, आधी तिच्याकडे जाऊ.