उंच मुलीची चिंता

‘मुलगी ताडमाड वाढली’ हे उद्गार आपल्या घरांतून कौतुकापेक्षा काळजीनेच अधिक निघतात. नागपुरातील आमच्या एका स्नेह्यांकडे नुकताच हा विषय निघाला. तेराव्या वर्षीच कन्येने आईला उंचीत मागे टाकलेले. आजीस एकच घोर की, हिला साजेसा वर मिळावा कोठून? उंची थांबविणारे औषध असते, असेही कोणी सुचविले.

असे औषध आहे, हे खरे. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक मोठ्या मात्रेत दिले असता हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चा लवकर मिटतात व उंची खुंटते. १९५६ साली अमेरिकेत हा उपाय प्रसिद्ध झाला. पुढे ऑस्ट्रेलियात शेकडो निरोगी मुलींवर तो करण्यात आला. लाभ बहुधा काही सेंटिमीटरांचाच. उलट मळमळ व वजनवाढ हे तात्कालिक त्रास, आणि रक्तात गुठळी होण्याचे भय निराळेच. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियन पाहणीत असे आढळले की, औषध घेतलेल्या स्त्रियांना पुढे गर्भधारणेस अधिक अडचणी आल्या. म्हणजे ज्या विवाहासाठी हा खटाटोप, त्यातील अपत्यसुखच धोक्यात! २००५ साली असेही प्रसिद्ध झाले की, औषध न घेतलेल्या जवळजवळ सर्वजणी आपल्या निर्णयाने संतुष्ट होत्या. घेतलेल्यांपैकी मात्र शेकडा ४२ असमाधानी.

तथापि उरलेल्या समाधानी होत्या, हेही विसरता येत नाही. टोमणे सोसणाऱ्या मुलीचे दुःख खोटे नसते. शिवाय अवाजवी वाढीच्या मुळाशी क्वचित पीयूष ग्रंथीचा विकारही असतो. तेव्हा तपासणी अवश्य करावी. परंतु रोग नसता औषध देणे म्हणजे समाजाच्या आवडीनिवडीचा दंड मुलीच्या देहाकडून वसूल करणे होय.

आमच्याच नागपूरची ज्योती आमगे ही ६२.८ सेंटिमीटर उंचीची. २०२४ साली लंडनमध्ये २१५.१६ सेंटिमीटर उंचीच्या रुमेयसा गेल्गी या तुर्की महिलेबरोबर तिने चहा घेतला. दोघींच्या उंचीस जन्मजात विकार कारण. तरी दोघींनी जगात आपापले स्थान मिळविले. आमच्या स्नेह्यांच्या कन्येचे तर चार-दोन इंचच अधिक!

हे सारे आम्ही तासभर बोललो. ती मुलगी दाराशी उभी राहून ऐकत होती. तुला काय वाटते, हे तिला कोणीच विचारले नाही. खेदाने सांगावेसे वाटते की, आम्हीही नाही.