मोजणारा आणि मोजला जाणारा

माणसाचे काम मोजावे की मोजू नये, हा प्रश्न सेमिनरीतील आमच्या नीतिशास्त्राच्या वर्गात कधी निघाल्याचे मला स्मरत नाही. न्याय्य वेतनाविषयी आम्ही पुष्कळ शिकलो. १८९१ साली परमगुरू तेरावे लिओ यांनी प्रसिद्ध केलेल्या कामगारविषयक परिपत्रकावर परीक्षेत हमखास प्रश्न येई. परंतु वेतनाच्या आधी मोजमाप येते आणि अन्यायाचे बी कित्येकदा तेथेच पडते, हे मला फार उशिरा कळले. तेही एका गृहस्थाने माझ्या टेबलावर ठेवलेल्या कागदावरून.

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक तरुण व्यावसायिक सायंकाळच्या मिस्सानंतर भेटावयास आला. तो नोकरभरतीची एजन्सी चालवतो. इस्पितळांना आया आणि वॉर्डबॉय, दुकानांना विक्रेते, कारखान्यांना कारकून मिळवून द्यावयाचे आणि माणूस रुजू झाला की त्याच्या एका महिन्याच्या पगाराएवढी रक्कम मालकाकडून घ्यावयाची, असा हा धंदा. नव्वद दिवसांच्या आत माणूस सोडून गेला तर त्याच्या जागी दुसरा विनामूल्य द्यावा लागतो. माल नाही, यंत्र नाही. सारे भांडवल म्हणजे कचेरीत बसून दिवसभर फोन करणाऱ्या सहा बायका. नफा वाढवावयाचा तर या सहाजणींचे काम मोजले पाहिजे, असे त्याला कोणीतरी पटवले होते आणि त्याने ते मोजलेही होते. रोज फोन किती केले, किती उमेदवारांचे बायोडाटा मालकांकडे धाडले, किती जण मुलाखतीला गेले, किती कामाला लागले. कागदावर सहा नावे उतरत्या क्रमाने होती. सर्वांत खालचे नाव एका विधवेचे होते.

“फादर, हिला काढावे तर मन खाते, ठेवावे तर बँकेचा हप्ता खातो,” तो म्हणाला.

माणूस म्हणजे आकडा नव्हे, असे मी तत्काळ उत्तरलो. प्रवचनात हे वाक्य चांगले शोभते. तो शांतपणे म्हणाला, “पण पगार आकड्यातच द्यावा लागतो, फादर.” मी गप्प झालो, कारण त्याचे म्हणणे खरे होते. शिवाय जेथे काहीच मोजले जात नाही तेथे न्याय नांदतो, असेही नाही. तेथे साहेबाच्या मर्जीतला माणूस वर चढतो, आणि अंग चोरणाऱ्याचा भार शेजारच्या मुकाट्याने राबणाऱ्यावर पडतो. मोजमाप ही कधीकधी दुबळ्याची ढाल असते.

मग त्या कागदाकडे पाहून मला अस्वस्थ का वाटले? येथे थोडा इतिहास आठवावा लागेल. अमेरिकेतील बेथलेहेम पोलाद कारखान्यात १८९९ च्या सुमारास फ्रेडरिक टेलर या अभियंत्याने मजुरांच्या कामाचा हिशेब मांडला. मजूर दिवसाकाठी साडेबारा टन कच्चे लोखंड वाहून गाडीत चढवीत. योग्य माणूस निवडून, त्याच्या हालचाली व विश्रांती ठरवून दिल्यास साडेसत्तेचाळीस टन चढवता येते, असे त्याचे प्रतिपादन. मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली. काम जवळजवळ चौपट, मजुरी दुपटीहूनही कमी. हा व्यवहार कोणाच्या पदरात पडला ते वाचकांनीच पाहावे. १९११ साली टेलरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रनिर्मिती कारखान्यात, एका ओतकाऱ्यावर स्टॉपवॉच धरलेले पाहताच त्याचे सहकारी काम टाकून बाहेर पडले. त्यांनी आपल्या अर्जात हे अपमानास्पद असल्याचे लिहिले. पुढे १९१५ साली अमेरिकेच्या काँग्रेसने असल्या घड्याळी पाहणीवर सरकारी कारखान्यांपुरते निर्बंध घातले.

‘अपमानास्पद’ या शब्दापाशी मी बराच वेळ थांबलो. मोजण्यात अपमान कसला? शिंपी माप घेतो, शिक्षक गुण देतो. मीही दरवर्षी बाप्तिस्मे, विवाह आणि मृत्यू यांचे आकडे धर्मप्रांताला पाठवतो. मरणोन्मुख वृद्धाच्या उशाशी घालवलेल्या रात्रीला त्या तक्त्यात रकाना नाही. असता तर मला तो भरताना संकोच वाटला असता. परंतु तो तक्ता मी स्वतः भरतो, काय भरले ते मला ठाऊक असते. त्या ओतकाऱ्याला घड्याळ दिसत होते, पण त्याच्याशी कोणी बोलत नव्हते. परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या आपल्या परिपत्रकात श्रमाची दोन अंगे सांगितली आहेत: श्रमातून जे निपजते ते, आणि श्रम करणारी व्यक्ती. श्रमाचे खरे मोल दुसऱ्या अंगावरून ठरते. त्याच परिपत्रकात ‘अप्रत्यक्ष मालक’ अशी एक संकल्पना आहे. श्रमिकाच्या स्थितीला जे जे दुरून आकार देतात ते सारे जबाबदारीत भागीदार. म्हणजे ‘परवा सकाळपर्यंत दोन आया हव्यात’ असा निरोप धाडणारे इस्पितळही या कागदाच्या मागे उभे होते. त्याचे नाव मात्र कागदावर कोठेच नव्हते.

आता पुन्हा त्या सहाव्या नावाकडे येतो. ही बाई फोन कमी का करते, असे मी विचारले. तो म्हणाला, एकेका उमेदवाराशी फार बोलत बसते. कोणत्या उमेदवाराशी? गिरणी बंद पडून घरी बसलेला पन्नाशीचा माणूस, मुले वाढवण्यात दहा वर्षे नोकरीबाहेर राहिलेली बाई, इंग्रजीत अर्ज लिहिता न येणारा मुलगा. मला द्राक्षमळ्याच्या मालकाचा दृष्टान्त आठवला. दिवस मावळताना चौकात उभ्या राहिलेल्यांना तो विचारतो, तुम्ही दिवसभर रिकामे का? ते सांगतात, आम्हाला कोणी कामाला लावले नाही. त्या दृष्टान्तातून वेतनाचे कोष्टक काढू नये हे मी जाणतो. पण अकराव्या तासाची ती माणसे आजही आहेत, आणि ज्या कचेरीत फोनची संख्या मोजली जाते तेथे प्रथम त्यांचाच फोन खाली ठेवला जातो. मोजली जाते ती बाई. शिक्षा भोगतो तो भलताच.

आम्ही दोघांनी मिळून आणखी एक गोष्ट तपासली. नव्वद दिवसांच्या आत किती जण सोडून गेले? वरच्या दोन नावांनी लावलेली माणसे वरचेवर परतली होती, त्यांच्या जागी फुकट माणसे द्यावी लागली होती. सहाव्या नावाची माणसे टिकली होती. गृहस्थाचा चेहरा उजळला. माझाही उजळला, हे कबूल करतो.

रात्री मात्र झोप लागेना. मी तिला वाचवले ते नफ्याच्याच आकड्याने. तिचीही माणसे सोडून गेली असती तर मी काय म्हटले असते? दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून हाच प्रश्न मी त्याच्यापुढे ठेवला. तो म्हणाला, “तर फादर, मी तिला काढले असते.” प्रामाणिक उत्तर होते. धंदा बुडाला तर सहाही जणी घरी बसतील, हेही खोटे नव्हते. मी त्याला एवढेच म्हटले, की काढावयाची वेळ आली तरी तिने न पाहिलेल्या कागदावरून काढू नकोस. आधी तो कागद तिच्यापुढे ठेव, तिला बोलू दे. शिकवून, काम बदलून काही साधते का ते पाहा. हे उत्तर पुरेसे नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होते.

त्याने कागद दाखवला. बाईने तो बराच वेळ वाचला आणि म्हणाली, यात माझे फोन कमी लागले आहेत. ज्यांना सध्याची नोकरी बदलावयाची आहे ते दिवसा बोलू शकत नाहीत, म्हणून रात्री आठनंतर ती घरून, स्वतःच्या मोबाइलवरून त्यांना फोन करीत असे. कचेरीच्या यंत्रात ते येत नव्हते. त्या तासांचे पैसे तिने कधी मागितले नव्हते, आणि त्यानेही कधी विचारले नव्हते.